वाळू, भूशिर की खडक: सर्फिंगसाठी लाटेची जागा निवडताना

सर्फिंग शिकू लागलेला माणूस सहसा पहिला प्रश्न विचारतो तो लाटेच्या उंचीचा, आणि अंदाजात दिसलेल्या एका आकड्यावर त्या दिवशी पाण्यात उतरायचे की नाही हे ठरवून मोकळा होतो. माझ्या मते त्याआधी विचारायला हवे ते हे, की ती लाट कशावर फुटते. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण १.३ पट इतकी उरली की लाटेचा तळाकडचा भाग मंदावतो, माथा पुढे झेपावतो आणि लाट कोसळते. म्हणजे डोक्याइतक्या उंचीच्या लाटेवरून पडणारा माणूस फार खोल पाण्यात पडत नाही, आणि त्या उथळ पाण्याखाली काय आहे यावर त्याचा पुढचा आठवडा कसा जाईल हे अवलंबून असते. वाळूच्या दांड्यांवर फुटणारी लाट म्हणजे बीच ब्रेक, भूशिराला वळसा घालत त्याच्या कडेने फुटत जाणारी लाट म्हणजे पॉइंट ब्रेक, आणि खडकाच्या किंवा प्रवाळाच्या पाठीवर फुटणारी लाट म्हणजे रीफ ब्रेक. आपल्या आवाक्यात यांपैकी दोन किंवा तिन्ही जागा असतील, तर निवड करताना त्या एकमेकींशेजारी ठेवून पाहणे उपयोगाचे ठरते.

वाळूच्या जागेचा सर्वांत मोठा गुण म्हणजे ती पडणाऱ्याला सांभाळून घेते, आणि सर्वांत मोठा दोष म्हणजे ती स्थिर राहत नाही. एखादे वादळ येऊन गेले की दांडे सरकतात, आणि गेल्या महिन्यात जिथे लाट एका बाजूने सुबक उलगडत होती तिथे आता ती सबंध लांबीवर एकदम कोसळते. सर्फर तिला क्लोजआउट म्हणतात. याउलट पॉइंटवर आणि रीफवर तळ जागचा फारसा हलत नाही, त्यामुळे लाट उठण्याची जागा जवळजवळ ठरलेली असते आणि एकदा कळलेली खूण पुढेही उपयोगी पडते. मात्र याच अस्थिरतेमुळे बीच ब्रेकवर लाटा अनेक ठिकाणी उठतात, माणसे पांगतात, आणि नवख्याला गर्दीपासून दूर, कंबरभर पाण्यात, फेसाळत्या लाटांवर उभे राहण्याचा सराव हवा तितका करता येतो. वाळू मऊ असते म्हणून निर्धास्त राहणेही बरे नव्हे. किनारा तीव्र उताराचा असेल आणि लाट थेट काठावर आपटत असेल, तर डोक्यावर पडून मानेला गंभीर इजा होऊ शकते, म्हणून तिथे पाण्यात सूर मारू नये.

लाटांच्या पलीकडे पोहोचण्याच्या बाबतीत तिन्हींमधला फरक अंगाला जाणवतो. पॉइंटवर बहुधा फुटणाऱ्या लाटेच्या बाजूने खोल पाण्यातून पॅडल करत, म्हणजे बोर्डवर पालथे पडून हात मारत, जाता येते आणि केस फारसे न भिजवताही लाइनअपला, म्हणजे लाटेची वाट पाहत सर्फर बसतात त्या जागी, पोहोचता येते. रीफवरही अनेकदा शेजारी अशी खोल वाट असते. बीच ब्रेकवर मात्र समोरून येणारा फेस अंगावर घेतच पुढे सरकावे लागते, आणि नवख्याची निम्मी ताकद तिथेच संपते. अशा वेळी दोन फेसाळ पट्ट्यांच्या मधली शांत, गडद रंगाची फट त्याला सोपी वाट वाटते. ती फट म्हणजे बहुतेक वेळा रिप करंट असतो: किनाऱ्यावर चढलेले पाणी तिथून समुद्राकडे परतत असते, आणि त्याचा वेग कधी कधी सेकंदाला दोन मीटरच्याही वर जातो. अनुभवी सर्फर याच प्रवाहावर स्वार होऊन बाहेर जातात. ज्याला तो ओळखता येत नाही त्याने प्रवाहाविरुद्ध हात मारत दमू नये. बोर्ड सोडू नये आणि किनाऱ्याला समांतर सरकत फुटत्या लाटांच्या पट्ट्यात यावे. पॉइंटवर प्रवाहाचे रूप निराळे असते. तो भूशिराच्या कडेने वाहतो आणि बसल्या जागेवरून तुम्हाला हळूहळू खाली, म्हणजे लाट फुटत जाते त्या दिशेला, ढकलत नेतो, इतका सावकाश की मागे वळून एखादे झाड किंवा सुळका पाहिल्याखेरीज आपण हललो हे समजतही नाही.

पॉइंटची खरी अडचण पाण्यात नसून माणसांत आहे. लाट एकाच ठिकाणी उठते, म्हणून सगळे एकाच ठिकाणी बसतात, आणि फुटत्या भागाच्या सर्वांत जवळ जो असेल त्याचा त्या लाटेवर हक्क असतो. हा नियम सगळीकडे आहे, पण बीच ब्रेकवर तो चुकून मोडला तरी शेजारच्या लाटेवर निभावून जाते; पॉइंटवर तसे होत नाही. सुरुवातीच्या दिवसांत एकदा मी फक्त समोर पाहून लाट पकडली होती, आतल्या बाजूने आधीच उभा राहून येणारा सर्फर मला दिसलाच नव्हता. त्याने ऐन वेळी उडी मारली, त्याचा बोर्ड माझ्या बोर्डावर आदळला, आणि माझ्या बोर्डाच्या कडेवर त्याच्या फिनची, म्हणजे बोर्डाखालच्या पात्याची, बोटभर खाच पडली, ती अजूनही आहे. तेव्हापासून हात मारायला लागण्याआधी मी खांद्यावरून आत पाहतो. हे जमत असेल, तर वळायला शिकण्यासाठी मंद गतीच्या पॉइंटइतकी चांगली जागा नाही, कारण एकाच लाटेवर दीर्घकाळ उभे राहता येते. सगळे पॉइंट मंद नसतात, हेही ध्यानात ठेवावे: कॅलिफोर्नियातले मालिबू लहान लाटांच्या दिवशी लांब बोर्डवाल्यांना सुखावते, तर दक्षिण आफ्रिकेतले जेफ्रीज बे इतके वेगवान आहे की क्षणभर रेंगाळणाऱ्याला लाट मागे टाकून जाते.

रीफबद्दल थोडक्यात सांगता येईल. खोल समुद्रातून आलेली लाट तिथे एकाएकी उथळ पाण्यावर येते, उभीच्या उभी उठते आणि तिच्यावर उभे राहायला क्षणभरच वेळ मिळतो. टोकियो ऑलिंपिकचे सर्फिंग २०२१ मध्ये त्सुरिगासाकीच्या वाळूच्या किनाऱ्यावर झाले, तर पॅरिस ऑलिंपिकचे २०२४ मध्ये ताहितीतील तेआहुपो येथील प्रवाळावर. खेळ तोच, पण दुसऱ्या ठिकाणच्या चुकीची किंमत कितीतरी मोठी. रीफवर पडताना उडी न मारता अंग आडवे पसरून पडावे, वर येताना हातांनी डोके झाकावे, आणि प्रवाळाने खरचटलेली जखम कितीही किरकोळ दिसली तरी लगेच नीट धुवावी, कारण ती सहज चिघळते.

अंदाज वाचताना उंचीच्या शेजारचा सेकंदांचा आकडा तिन्ही जागांवर वेगळा अर्थ सांगतो. सात सेकंदांच्या अंतराने येणाऱ्या लाटांची खोल समुद्रातली लांबी सुमारे ७६ मीटर असते, चौदा सेकंदांच्या लाटांची सुमारे ३०६ मीटर. लांबीच्या निम्म्या खोलीपासून लाटेला तळ जाणवू लागतो, म्हणून दुसरी लाट दीडशे मीटर खोलीवरच वळायला लागते. अशी लांब लाट भूशिराला छान वळसा घालते आणि पॉइंटवर दिवस सोन्याचा होतो, पण सरळसोट वाळूच्या किनाऱ्यावर तीच लाट बहुधा एका रेषेत कोसळते. त्यामुळे ज्या दिवशी पॉइंटवाले खुशीत असतात त्या दिवशी नवख्याने बीच ब्रेकवरही फेसापुरतेच राहावे. वाऱ्याचे गणित त्यामानाने सोपे आहे: पहाटे जमिनीकडून मतलई वारा असला की लाटेचा पृष्ठभाग गुळगुळीत राहतो, दुपारचे खारे वारे तो विस्कटतात, आणि भूशिराच्या आडोशामुळे पॉइंटवर कधी कधी चांगली वेळ थोडी लांबते. भरती-ओहोटी मात्र प्रत्येक जागी स्वतः पाहावी लागते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओहोटीला रीफवरचा खडक उघडा पडू शकतो, तर भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असलेल्या, दिवसांत तीच जागा दिवसभर खेळण्याजोगी असू शकते.

म्हणून ज्याला फेसात दहापैकी सात वेळा उभे राहता येत नाही त्याने, इतर जागा कितीही देखण्या असोत, मोठ्या फोमच्या बोर्डसह वाळूवरच राहावे असे मी म्हणेन. उभे राहणे जमले आणि खांद्यावरून पाहण्याची सवय लागली की पॉइंटवर गर्दी नसलेली वेळ शोधावी आणि लाइनअपच्या खालच्या टोकाला बसावे. रीफचा विचार त्यानंतर, आणि तोही ओळखीच्या सर्फरसोबतच करावा. जागा कोणतीही असो, उतरण्यापूर्वी वीस मिनिटे काठावर बसून मोठ्या लाटांचे निदान दोन सेट, म्हणजे एकामागून एक येणारे गट, येऊन जाऊ द्यावेत, कारण पहिल्या पाच मिनिटांत दिसलेला समुद्र अनेकदा सेटच्या मधला असतो. त्या वेळात लोक कुठून आत जातात यापेक्षा दमलेले लोक कुठून बाहेर येतात ते पाहावे, आणि ती वाट नजरेत भरेपर्यंत लीश, म्हणजे बोर्डाची दोरी, पायाला बांधू नये.