चालताना दम लागतो: सायकलवरचा इको की कॅथ?

अमळनेरच्या आत्याचं एकच गाऱ्हाणं, "माले चालताना दम लागस." कापसाच्या दोन ओळी वेचल्या की ती बांधावर बसते. साधा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, मात्र नॉर्मल. फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढला तरी असा दम लागतो, आणि काही जणांत तो सुरुवातीला फक्त श्रमातच वाढतो. पलंगावर पडून काढलेल्या इकोत तो दिसणार कसा? मग उरतात दोन वाटा: सायकल मारताना इको, नाहीतर सायकल मारताना कॅथ, म्हणजे शिरेतून नळी घालून दाब मोजणं.

इकोत सुई नाही, खर्चही कमी. हृदयाच्या उजव्या बाजूच्या ट्रायकस्पिड झडपेतून मागे गळणाऱ्या रक्ताचा वेग पाहून दाबाचा अंदाज बांधतात. त्या हिशेबात वेगाचा वर्ग येतो, म्हणून छोटी चूकही फुगते. प्रत्येकाची झडप पुरेशी गळतेच असंही नाही, आणि धापा टाकणाऱ्या छातीत चित्र निसटतं. ट्रेडमिलवरून उतरवून मोजेपर्यंत दाब उतरायला लागतो. तेव्हा आडवं होऊन पायडल मारायची सायकल आहे का, हे फोनवरच विचारा, उगाच एसटीचं तिकीट कशाला!

कॅथमध्ये मानेच्या किंवा हाताच्या शिरेतून बारीक नळी उजव्या हृदयातून फुप्फुसाच्या धमनीपर्यंत नेतात. रक्तस्राव, ठोके बिघडणं असा थोडा धोका आहेच. पण दाब प्रत्यक्ष मोजला जातो आणि हृदय मिनिटाला किती लिटर रक्त ढकलतंय तेही. समजा श्रमात दोघांचा फुप्फुसाच्या धमनीतला सरासरी दाब १५ वरून ३० मिमी (पाऱ्याचा) झाला. एकाचा प्रवाह ५ वरून १२ लिटर झाला, तर लिटरमागे वाढ दोनाच्या आसपास, म्हणजे ठीक. दुसऱ्याचा जेमतेम ८ झाला, तर वाढ ५. २०२२ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांत हीच वाढ ३ च्या वर गेली तर आजार धरतात. नुसत्या ३० च्या आकड्यावर निदान करायची जुनी रीत केव्हाच मागे पडली, कारण धडधाकट म्हाताऱ्यांचाही दाब तेवढा चढतो.

शिवाय दोष फुप्फुसाच्या वाहिन्यांत आहे की डाव्या हृदयात, हे नळीच सांगते. दोन्हींची औषधं वेगळी, म्हणून मला कॅथचं पारडं जड वाटतं. अंगाची कातडी घट्ट होणारा स्क्लेरोडर्मा असेल किंवा नंदुरबारकडे आढळणारा सिकलसेल हा रक्ताचा आजार असेल, तर हा दाब वाढायचा धोका जास्त, म्हणून इको स्वच्छ आला म्हणून गप्प बसू नये.

आत्याला बीपी आहे, वजनही. तिचा आधी सायकलवरचा इको करू. त्यात गडबड दिसली किंवा झडपेचा वेगच पकडता आला नाही, तर वेचणी आटोपल्यावर कॅथची तारीख घेऊ. तिची नळीची भीती कशी घालवायची, ते काकांवर सोडलंय.