पीसीबी आणि मिथिलमर्क्युरी : सागरी सस्तन प्राण्यांच्या शरीरातील दोन विषे

पीसीबी (क्लोरीनयुक्त औद्योगिक रसायने) आणि मिथिलमर्क्युरी (पाऱ्याचे सेंद्रिय संयुग) ही दोन्ही संयुगे प्लवकांतून, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांतून, माशांत आणि माशांतून सील, डॉल्फिन, ओर्का (किलर व्हेल) यांच्यात जाताना पायरीगणिक अधिक दाट होत जातात. शरीरात शिरल्यावर मात्र त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. मिथिलमर्क्युरी प्रथिनांना चिकटते, आणि यकृतात सेलेनियमशी संयोग होऊन त्यातील बराच पारा निष्क्रिय होतो. पीसीबी कातडीखालच्या जाड चरबीत मुरतात. ओर्काच्या मादीचे दूध अतिशय स्निग्ध असल्याने तिच्यातील साठ्याचा मोठा हिस्सा पिलांच्या, विशेषतः पहिल्या पिलाच्या, पोटात जातो. नराला ही वाटच नसल्याने त्याच्यातील प्रमाण वयाबरोबर वाढत राहते. मला पीसीबी अधिक घातक वाटतात, कारण २००१च्या स्टॉकहोम कराराने त्यांच्या निर्मितीवर बंदी आणली असली, तरी उपासमारीत चरबी झिजू लागली की जुना साठा पुन्हा रक्तात उतरतो.