त्रिशा राजे आणि डीजे केन: सोनाली देवची कादंबरी रोमान्स म्हणून कशी आहे

सोनाली देवचं 'प्राइड, प्रेज्युडिस अँड अदर फ्लेवर्स' २०१९ मध्ये आलं आणि तेव्हापासून मी ते ज्यांना ज्यांना सुचवलं त्यांच्यातल्या निम्म्या लोकांचा पहिला प्रश्न हाच, की शेवटी दोघं एकत्र येणार हे माहितीच आहे ना, मग वाचायचं कशाला? तर आधी त्याबद्दल बोलते कारण माझ्या मते याच प्रश्नापायी मराठी वाचक रोमान्सकडे नीट बघतच नाही. अमेरिकेतल्या रोमान्स लेखकांच्या संघटनेची रोमान्सची व्याख्याच अशी, की पुस्तकाच्या मध्यभागी प्रेमकथा पाहिजे आणि शेवट समाधानाचा, आशेचा पाहिजे. म्हणजे गोड शेवट हा या प्रकारातला करार आहे. डिटेक्टिव्ह कादंबरीत खुनी सापडणार हे आपल्याला पहिल्या पानापासून माहीत असतं, त्याबद्दल कोणी तक्रार करत नाही. मग इथेच का?

त्यामुळे रोमान्सचा रिव्ह्यू करताना मी शेवट काय झाला हे बघतच नाही. मी बघते की या दोघांच्या मधे जी अडचण आहे ती खरी आहे का. दोघांनी दहा मिनिटं समोरासमोर बसून सरळ बोललं असतं तर मिटलं असतं असलं काही असेल तर पुस्तक माझ्यासाठी तिथेच संपलं, मग कितीही गोड गोड डायलॉग असू देत. आणि दुसरं, या माणसांना प्रेमात पडण्यापलीकडे काही काम आहे का, ते काम आपल्याला दिसतं का, की नुसतं आर्किटेक्ट आहे बिझनेसमन आहे असं सांगून सोडून दिलंय.

या दोन्ही गोष्टींत हे पुस्तक एकदम वरच्या दर्जाचं आहे.

गोष्ट अशी. त्रिशा राजे ही सॅन फ्रान्सिस्कोची नावाजलेली न्यूरोसर्जन. घराणं एका काल्पनिक संस्थानाचं, आता कॅलिफोर्नियात स्थायिक, वडील डॉक्टर, आई एकेकाळची हिंदी सिनेमातली नायिका, भाऊ यश कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीच्या तयारीत. या घराचे नियम ठरलेले, बाहेरच्यावर विश्वास टाकायचा नाही, यशच्या राजकारणाला धक्का लागेल असं काही करायचं नाही, आणि घरच्यांच्या शब्दाबाहेर तर जायचंच नाही. त्रिशाच्या हातून हे सगळे नियम कॉलेजात असताना एकदम मोडले गेले होते, तिच्या रूममेटनं यशच्या बाबतीत जे केलं त्याचा दोष हिच्या माथी आला आणि तेव्हापासून ती घरच्या समारंभांपासून लांबच राहिली. इतकी वर्षं. एवढी मोठी सर्जन आणि वडिलांसमोर उभी राहिली की तिचं सगळं अवसान जातं, हे वाचताना आपल्याकडच्या किती तरी मुली डोळ्यासमोर येतात.

दुसऱ्या बाजूला डीजे केन. शेफ, इंग्लंडमध्ये गरिबीत वाढलेला, आई-वडिलांपैकी एक कृष्णवर्णीय आणि एक अँग्लो-इंडियन, पॅरिसमध्ये मोठ्या रेस्टॉरंटात नाव काढत होता पण बहीण एमा आजारी पडली म्हणून सगळं सोडून अमेरिकेत आला. त्याला राजेंचं केटरिंगचं काम हवंय कारण बिलं भरायची आहेत. यशच्या पार्टीत किचनमध्ये दोघांची पहिली गाठ पडते आणि ती त्याला पगारी नोकरासारखं वागवते, तिच्या लक्षातही येत नाही आपण काय बोललो. नंतर कळतं की एमाचा ब्रेन ट्यूमर काढू शकणारी सर्जन तीच.

नावावरून कळलंच असेल, जेन ऑस्टिनच्या १८१३ च्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' या कादंबरीवरून हे घेतलंय. पण सोनाली देवनं इथे पारडं उलटं केलंय, गर्विष्ठ, श्रीमंत, माणसांशी बोलताना हमखास चुकीचं बोलणारी ती बाई आहे आणि मानी, गरीब, पटकन मत बनवणारा तो पुरुष आहे. डीजे म्हणजे डार्सी जेम्स, आणि डार्सी हा ऑस्टिनचा गर्विष्ठ, श्रीमंत नायक, त्यामुळे नाव त्याला आणि स्वभाव तिला. ऐकायला गंमत वाटते पण पुस्तकात याचा फार मोठा परिणाम होतो, कारण श्रीमंत पुरुषाचा तुसडेपणा वाचायची आपल्याला सवय आहे, त्यालाच तर रोमान्समध्ये रुबाब म्हणतात. तेच वागणं एका बाईचं असलं की आपण लगेच तिला आगाऊ ठरवतो. पहिली काही प्रकरणं मलाही त्रिशा आवडत नव्हती आणि लेखिका आवडावी म्हणून काही करतही नाही, ती तिला तशीच राहू देते, ऑपरेशन थिएटरमध्ये अचूक आणि बाहेर माणसांच्या बाबतीत पूर्ण अडाणी, आणि हळूहळू आपल्याला दिसायला लागतं की हिला कोणी कधी चुकायची परवानगीच दिलेली नाही.

आता अडचणीबद्दल, कारण या पुस्तकाचा जीव तिथे आहे. एमा चित्रकार आहे. ट्यूमर काढला तर ती वाचेल, पण डोळे जातील. आणि ती नाही म्हणते. भाऊ म्हणतो जगली पाहिजे, सर्जन म्हणते जगणं शक्य आहे तर प्रश्नच कुठे येतो, आणि पेशंट म्हणते रंग दिसणार नसतील तर मी कोण उरते? दहा मिनिटं बसून बोलून हे मिटणार आहे का? नाही. तिघांचंही बरोबर आहे आणि तरी तिघांना एकाच खोलीत बसायचंय. त्रिशाला सर्जरी येते पण एमाला समजून घेणं येत नाही आणि ते ती शिकते, डीजेसाठी नाही तर पेशंटसाठी, आणि डीजे तिच्या प्रेमात पडतो तो तिला हे शिकताना बघून. प्रेम कामातून उगवलेलं आहे. मला असं वाचायला मिळालं की पुस्तक बंद करून जरा फिरून यावंसं वाटतं.

डीजेच्या कातडीच्या रंगामुळे पोलीस त्याच्याकडे संशयानं बघतात तोही भाग यात आहे. त्रिशा आणि डीजे दोघंही अमेरिकेत बाहेरचे, दोघंही सावळे, पण पैसा आणि घराणं पाठीशी असलं की पोलिसांची भीती किती वेगळी असते हे लेखिकेनं भाषण न देता दाखवलंय. परदेशातल्या आपल्या लोकांनी हा भाग जरूर वाचावा.

जेवणाची वर्णनं भरपूर. उपाशीपोटी वाचू नका. फ्रेंच पद्धत आणि आपले मसाले असं डीजेचं काहीतरी सतत चालू असतं, आणि त्रिशा, जिला स्वयंपाकातलं काही येत नाही, ती खाते मात्र मनापासून. दोघांमधला ओढीचा सगळा भाग या खाण्यातूनच पुढे सरकतो, कारण प्रत्यक्ष जवळीक फार उशिरा येते, फार म्हणजे फारच. ज्यांना पन्नासाव्या पानाला किस पाहिजे त्यांनी दुसरं काही घ्या.

न आवडलेलं पण सांगते. खलनायिका ज्युलिया विकहम, तीच ती कॉलेजची रूममेट, मला पटली नाही. बाकी सगळ्या माणसांना लेखिकेनं कारणं दिली आहेत, अगदी कडक वडिलांनासुद्धा, आणि हिला नुसता दुष्टपणा दिला, त्यामुळे जेव्हा जेव्हा ती येते तेव्हा पुस्तक टीव्ही सिरियलकडे झुकतं. दुसरं, नातेवाईक खूप. बहीण निशा, चुलत बहीण अश्ना, आजी, भविष्य दिसणारी ईशा, पुढच्या पुस्तकांची तयारी म्हणून सगळ्यांना आत आणून बसवलंय आणि मधली शंभरेक पानं त्यात रेंगाळतात. आणि ते राजेपण. भारतात १९७१ च्या २६ व्या घटनादुरुस्तीनं संस्थानिकांचे तनखे आणि सरकारमान्य पदव्या गेल्या, इथे मात्र वडिलांच्या मागे हिज हायनेसचं वलय कायम आहे. घरातल्या घरात जुना रुबाब टिकतो हे खरं, आपल्याकडेही बघतोच, पण त्या रुबाबाखाली राबलेल्या माणसांबद्दल पुस्तकाला फारसं काही विचारायचं नाही. जी लेखिका डीजेच्या बाबतीत वर्ग आणि वर्ण इतक्या बारकाईनं बघते तिनं इथेही बघायला हवं होतं. हा एक मुद्दा मला आजही टोचतो.

लेखिकेबद्दल थोडं. मुंबईत वाढलेली, आर्किटेक्चर शिकलेली, राहते शिकागोजवळ. पहिली कादंबरी 'अ बॉलिवूड अफेअर' २०१४ ची, त्यात चार वर्षांची असताना लग्न लावलेली राजस्थानातली मिली मिशिगनला शिकायला जाते. ती जास्त हलकीफुलकी आहे, पटकन वाचून होते, रोमान्स पहिल्यांदाच वाचणार असाल तर तिथून सुरुवात केलीत तरी चालेल. पण लेखिका म्हणून तिची उंची मला राजेंच्या मालिकेत दिसली. एकूण चार पुस्तकं आहेत, चारही ऑस्टिनवरून, दुसरं 'रेसिपी फॉर पर्सुएशन' २०२० चं, त्यात अश्ना पालो आल्टोमधलं वडिलांचं बुडीत चाललेलं रेस्टॉरंट वाचवायला टीव्हीवरच्या कुकिंग शोमध्ये उतरते आणि जोडीदार म्हणून समोर येतो तिचा शाळेतला प्रियकर, आता निवृत्त ब्राझिलियन फुटबॉलपटू. त्यातलं आई-मुलीचं नातं प्रेमकथेपेक्षाही भारी जमलंय. तिसऱ्यात यश, चौथ्यात धाकटा भाऊ वंश. क्रमानेच वाचा, कारण यशच्या बाबतीत काय झालं ते पहिल्यात उलगडतं आणि तिसऱ्याची सगळी इमारत त्यावर आहे.

इंग्रजी अवघड नाही, वाक्यं मात्र लांब आहेत. नेहमी मराठीच वाचणाऱ्यांना पहिली तीस-चाळीस पानं सावकाश घ्यावी लागतील, नंतर लय सापडते. एक सूचना आधीच देऊन ठेवते, पहिल्या पुस्तकात लैंगिक अत्याचाराचा उल्लेख आहे आणि दुसऱ्यात वडिलांची आत्महत्या, दोन्ही गोष्टी लेखिकेनं सांभाळून लिहिल्या आहेत पण ज्यांना त्रास होतो त्यांना माहीत असलेलं बरं. माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा ज्युलियाचा कापला.