शैवाल तेल, 40 टक्के डीएचए प्रत : कॅनवरचा आकडा आणि कॅनमधला माल

डीएचए या ओमेगा-3 मेदाम्लासाठी कॅप्सूलमध्ये भरलं जाणारं हे तेल बहुतेकदा स्किझोकायट्रियम या सूक्ष्मजीवाचं असतं. हा जीव वाढतो स्टीलच्या फर्मेंटरमध्ये, अंधारात, ग्लुकोजवर. लेबलवरच्या उन्हातल्या हिरव्यागार तळ्याशी त्याचा काही संबंध नाही. क्रिप्थेकोडिनियम या दुसऱ्या सूक्ष्मजीवाचं तेल वेगळं. क्रोमॅटोग्राममध्ये (तेलातली मेदाम्लं शिखरांच्या रूपात दाखवणारा आलेख) 22:5 एन-6 या मेदाम्लाचं ठळक शिखर दिसलं तर माल स्किझोकायट्रियमचा; क्रिप्थेकोडिनियममध्ये ते जवळपास नसतंच.

शाकाहारी डीएचएसाठी या तेलाला तोड नाही. (ते जिलेटिनच्या कवचात भरून हिरवा ठिपका मात्र छापू नका.) खोट आहे ती 40 या आकड्यात. अनेकदा ते शिखरांच्या क्षेत्रफळाचे टक्के असतात, म्हणजे एकूण मेदाम्लांतला वाटा. एक ग्रॅम तेलात डीएचए 400 मि.ग्रॅ. भरत नाही, 350 ते 380च्या आसपास भरतं. ऑर्डर देतानाच मि.ग्रॅ./ग्रॅ. मधला आकडा लेखी मागा.

पडताळणी अशी : 25 मि.ग्रॅ. तेलात सी23:0 मिथाइल एस्टर हे अंतर्गत प्रमाण (तुलनेसाठी माहीत मात्रेचा पदार्थ) मोजून घाला. 0.5 नॉर्मल मिथेनॉलिक कॉस्टिक सोडा 1.5 मि.ली. घालून नायट्रोजनखाली 100 अंशांवर 5 मिनिटं, मग बीएफ3-मिथेनॉल (मिथेनॉलमधलं बोरॉन ट्रायफ्लुओराइड) 2 मि.ली. घालून 30 मिनिटं तापवा. आयसोऑक्टेन आणि मिठाचं संपृक्त पाणी घालून हलवा, वरचा थर जीसीला (गॅस क्रोमॅटोग्राफ) द्या. नळीत ओल राहिली तर एस्टर अर्धवट बनतात. बीएफ3 जुनं असेल तर नसती शिखरं उगवतात. जीसीच्या वॅक्स कॉलमवर (घटक वेगळे करणारी नळी) 24:0 हे मेदाम्ल डीएचएला अगदी चिकटून येतं. तापमानाचा कार्यक्रम घाईचा असेल तर दोन्ही एक होतात आणि आकडा फुगतो. विक्रेत्याच्या अहवालासोबत मूळ क्रोमॅटोग्राम मागायचा तो यासाठी.

पेरॉक्साइड (खवट होण्याच्या पहिल्या टप्प्याचं माप) 5, अ‍ॅनिसिडीन (पुढच्या टप्प्याचं माप) 20, टोटॉक्स (दोन्हींवरून काढलेला एकत्रित आकडा) 26 या कमाल मर्यादा. नुसत्या पेरॉक्साइडवर समाधान मानू नका. तो आधी चढतो, मग उतरतो. उतरलेला आकडा ताज्या तेलासारखाच दिसतो. खवटपणा तेव्हा अ‍ॅनिसिडीनमध्ये सापडतो. तेलात सुगंध मिसळला असेल तर मात्र तीही चाचणी फसते.

फ्रिजमध्ये तेल गढूळ झालं, तळाशी साय बसली म्हणून कॅन परत पाठवू नका. ते पामिटिक आम्लाचे मेद आहेत. कोमट करून सारखं ढवळा, मगच नमुना काढा. नुसतं वरचं ओतलं तर त्या नमुन्यात डीएचए जास्त भरेल.

छोट्या उत्पादकाला मोठा कॅन परवडत नाही. एकदा उघडला की प्रत्येक वेळी हवा आत जाते. 1 किलोचे अ‍ॅल्युमिनियमचे डबे घ्या, आणि काढल्यावर रिकाम्या जागेत नायट्रोजन सोडून बंद करा.