कास्तानेदा, हार्नर की एल्विन : शमनांविषयी वाचायचं तर कोणाचं?

आत्म्यांशी बोलून आजार-संकटं दूर करणारा भगत म्हणजे शमन. या विषयाची गोडी लागली की नागपूरच्या बर्डीवरच्या जुन्या पुस्तकांत बहुधा आधी कार्लोस कास्तानेदाच हाती लागतो. मेक्सिकोतला याकी जमातीचा गुरू डॉन हुआन आणि त्याचा शिष्य, म्हणजे खुद्द लेखक, यांची ही कहाणी. पहिलं पुस्तक १९६८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या प्रकाशनाने काढलं आणि १९७३ मध्ये याच मालिकेतल्या लेखनावर त्याला पीएच.डी.ही मिळाली. विद्यापीठाचा शिक्का पाहून लाखो वाचकांनी ते खरं मानलं.

लेखक रिचर्ड डी मिल यांनी १९७६ मध्ये पुस्तकांतल्या तारखा आणि प्रसंग एकमेकांशी ताडून पाहिले, तेव्हा विसंगतींचा ढीग निघाला. एक गोष्ट तर नागपूरकराला कोणी सांगायलाही नको : गुरू-शिष्य भर उन्हाळ्यात मेक्सिकोतल्या सोनोराच्या वाळवंटात तासन्‌तास हिंडतात, आणि उन्हाची काहिली जवळपास कुठे जाणवतच नाही! शिवाय पेयोटे या नशा आणणाऱ्या निवडुंगाचा विधी याकींचा नव्हेच. तो मेक्सिकोतल्याच हुइचोल जमातीचा. पुढे पेयोटेच्या शोधात हुइचोलांच्या मुलखात हौशी पाहुण्यांची रीघ लागली. त्याचं खापर अभ्यासक जे फाइक्स यांनी कास्तानेदावर फोडलं, आणि मला ते पटतं. भाषा मात्र झपाटून टाकणारी आहे. कादंबरी म्हणून जरूर वाचा.

मानववंशशास्त्रज्ञ मायकेल हार्नर यांचं प्रकरण वेगळं. त्यांनी इक्वेडोरच्या शुआर लोकांत खरोखर राहून अभ्यास केला होता. पण १९८० च्या ‘द वे ऑफ द शमन’मध्ये जमात, देव, भाषा सगळं वगळून फक्त ढोलाच्या ठेक्यावर ध्यान लावायची पद्धत उरते. ध्यानापुरतं ठीक आहे, माणसं त्यात सापडणार नाहीत.

भारतातल्या आदिवासींचे अभ्यासक व्हेरिअर एल्विन यांचं ‘द रिलिजन ऑफ ॲन इंडियन ट्राइब’ (१९५५) मात्र ओडिशातल्या सावरा आदिवासींवर आहे, म्हणजे आपल्याच भागातलं. सावरांकडे शमन बऱ्याचदा बाई असते. परलोकातल्या नवऱ्याशी तिचं लग्न लागतं, तिच्या तोंडून मेलेले नातलग बोलतात, भांडतात, खायला मागतात. स्वप्नं, भिंतीवरची चित्रं, पूजेतली गाणी, सगळं तपशिलाने नोंदवलंय. आदिवासींवरच्या जीवापायी एल्विन कधी कधी चित्र जास्तच गोड रंगवतात, पण इथे गावं खरी आहेत आणि नोंदी पडताळता येतात.

एकच घ्यायचं असेल तर एल्विन घ्या. जाडजूड आहे, म्हणून आधी ग्रंथालयात विचारा आणि शमन-स्त्रियांविषयीच्या भागापासून सुरुवात करा. गडचिरोलीतल्या एखाद्या पुजाऱ्याला भेटायचा बेत असेल, तर कास्तानेदा त्यानंतरच उघडा. नाहीतर समोरच्या माणसात तुम्ही डॉन हुआनच शोधत बसाल.