एनआयओएसमधून दहावी: एडीएचडी आणि चिंताविकार असलेल्या मुलीच्या आईचा अभिप्राय

एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणे आणि स्वतःला आवरणे अवघड जाण्याची अवस्था, आणि चिंताविकार या दोन्ही गोष्टी एकत्र असलेल्या मुलांना दहावी करण्यासाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजेच पालक जिला एनआयओएस म्हणतात ती, हा चांगला मार्ग आहे असे माझे मत झाले आहे. मात्र ती परीक्षा मंडळ म्हणून चांगली आहे. शाळेची जागा ती घेत नाही आणि तसा तिचा दावाही नाही. हा फरक प्रवेशाआधी नीट समजून घेतला नाही, तर मुलाची आणि घराची, दोघांचीही ओढाताण होते.

माझी मुलगी नववीत असताना आम्ही तिला पुण्यातल्या तिच्या शाळेतून काढले. तिचा एडीएचडी दंगामस्तीचा नाही, लक्ष विखुरण्याचा आहे. असा प्रकार मुलींमध्ये बरेचदा उशिरा ओळखला जातो, कारण शांत बसलेल्या मुलीची तक्रार कोणी करीत नाही. अपुऱ्या वह्या, विसरलेले प्रकल्प आणि वर्गासमोर ऐकून घ्यावी लागणारी बोलणी यांतून चिंता वाढत गेली, आणि शेवटी सकाळी गणवेश घालताच तिच्या पोटात कळ येऊ लागली. औषधोपचार आणि समुपदेशन चालू होते व आजही आहे. पण उपचारांनी जे सावरत होते ते शाळेचा एक आठवडा पुन्हा विस्कटून टाकीत होता.

महाराष्ट्रात अशा वेळी प्रथम सुचवला जातो तो १७ नंबरचा फॉर्म, म्हणजे दहावीला बाहेरून बसण्याचा अर्ज. त्यात शाळेतल्या हजेरीपासून सुटका होते, परंतु परीक्षा राज्य मंडळाची तीच आणि सगळे पेपर त्याच एका महिन्यात. आमच्यासाठी खरा अडथळा नेमका तोच होता. एनआयओएसमध्ये दहावीच्या प्रमाणपत्रासाठी किमान एका भाषेसह पाच विषय लागतात, नोंदणी पाच वर्षे वैध राहते, आणि सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर या काळात होते. विद्यार्थी हवे तर एका वेळी एकच विषयही देऊ शकतो, आणि उत्तीर्ण झालेला विषय पुन्हा द्यावा लागत नाही. अटींत बसणाऱ्यांसाठी मागणीनुसार परीक्षेची, म्हणजे ऑन डिमांडची, सोयही आहे. चिंतेने ग्रासलेल्या मुलीला ‘या वेळी फक्त चित्रकला आणि मराठी’ असे सांगता येणे किती मोलाचे असते, हे ज्या घरात परीक्षेच्या आदल्या रात्री कोणी झोपलेले नसते त्या घरालाच कळेल. प्रवेशासाठी वय चौदा पूर्ण असावे लागते, माध्यमांत मराठीही आहे, आणि शुल्क शहरातल्या कोणत्याही खासगी शाळेच्या तुलनेत अगदी माफक आहे.

आता अडचणीची बाजू. चिंतेला जो सैलपणा मानवतो तोच एडीएचडीला घातक ठरू शकतो, आणि ही दोन दुखणी एकाच मुलीत असली म्हणजे पालकांना सतत दोन विरुद्ध दिशांनी विचार करावा लागतो. पाच वर्षांची मुदत ऐकून चिंता निवळते. पण ज्या मेंदूला दूरची तारीख जाणवतच नाही त्याच्यासाठी पाच वर्षे म्हणजे कधीच नाही. प्रवेश आणि पहिली सार्वजनिक परीक्षा यांत बरेच महिने जातात, आणि त्या काळात दिवसाला आकार देणारे बाहेरचे काहीही उरत नाही. अभ्यासकेंद्रांवरचे संपर्कवर्ग बहुधा सुट्टीच्या दिवशी भरतात, आणि त्यांना उपस्थिती ठेवायची की नाही हे विद्यार्थ्यावर असते. म्हणून चौकट घरीच उभारावी लागते, आणि या सगळ्या व्यवस्थेतले सर्वांत कष्टाचे काम तेच आहे. आमच्याकडे टीएमए, म्हणजे शिक्षकांनी तपासायचे लेखी स्वाध्याय, या कामी आले. अंतिम गुणांत त्यांना २० टक्के भारांश असतो आणि अभ्यासक्रमातले काही पाठ त्यांच्यासाठीच राखलेले असतात. मुदतीची वाट न पाहता आम्ही एकेक स्वाध्याय लहान तुकड्यांत विभागून प्रत्येक तुकड्याला जवळची तारीख दिली, आणि ती तारीख आईवडिलांनी नव्हे तर शिकवायला येणाऱ्या एका ताईंनी सांभाळली. आईने तारखेची आठवण करून दिली की त्याचे भांडण होते; ताईंनी दिली की तो अभ्यास राहतो. ज्यांना शक्य असेल त्यांनी ही जबाबदारी घराबाहेरच्या माणसाकडे द्यावी, असे मी आग्रहाने सांगेन.

दुसरी गोष्ट याहून नाजूक आहे. शाळा सुटल्यावर चिंता झपाट्याने कमी होते आणि घरातल्या सर्वांना हायसे वाटते. पण ज्याची भीती वाटते ते टाळत राहिल्याने भीती पोसली जाते. मुलगी दिवसभर घरी, आजी आणि मोबाईल यांच्या सोबतीत राहू लागली, तर वर्षभराने ग्रंथालयाचा जिनाही अवघड वाटू शकतो. समुपदेशकांच्या सल्ल्याने आम्ही आठवड्याचे काही ठरावीक तास घराबाहेरचे ठेवले: चित्रकलेचा वर्ग, पोहणे, आणि शेजारच्या वाचनालयात लहान मुलांना पुस्तके काढून देणे. मुक्त शिक्षणाचा निर्णय घेणाऱ्यांनी याची तजवीज प्रवेशअर्जाच्या आधी करावी, नंतर नव्हे.

केवळ एनआयओएसच्या मुलांसाठी म्हणून चालणाऱ्या खासगी क्लासांबद्दल सावध राहावे. आम्ही पाहिलेल्या एका क्लासमध्ये भरगच्च तुकडी, रोजची चाचणी आणि भिंतीवर लावलेली गुणांची यादी होती. ज्या गोष्टींपासून मुलगी दूर आली होती त्या सर्व तेथे पुन्हा हजर होत्या. तेथे नाव घालायचे नाही हे तिनेच जिना उतरताना सांगितले, आणि आम्ही ते मानले.

परीक्षेतल्या सवलतींबाबत एक महत्त्वाची गोष्ट: दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील एकवीस प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातली अडचण, आहे; एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. जादा वेळ किंवा लेखनिक यांसाठी प्रमाणपत्र लागते, त्यामुळे लेखन-वाचन किंवा गणिताची अडचणही सोबत दिसत असेल तर त्याची रीतसर तपासणी लवकर करून घ्यावी. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या सार्वजनिक ठिकाणी ती होते, परंतु तिला वेळ लागतो.

विषयांच्या निवडीत घाई नको. एनआयओएसमध्ये गणित आणि विज्ञान सक्तीचे नाहीत, आणि गृहविज्ञान, चित्रकला, मानसशास्त्र, डेटा एंट्री असे विषय घेऊन दहावी पूर्ण होऊ शकते. अनेक मुलांना याचा मोठा दिलासा वाटतो, माझ्या मुलीलाही वाटला. मात्र हे दोन विषय वगळल्यास विज्ञान शाखेची अकरावी आणि काही तांत्रिक अभ्यासक्रम अवघड होतात, आणि चौदाव्या वर्षी घाबरून सोडलेला विषय सतराव्या वर्षी हवासा वाटू शकतो. पाच विषयांखेरीज आणखी दोन घेण्याची मुभा आहे. आम्ही गणित त्यात ठेवले आहे. त्यात ती उत्तीर्ण झाली नाही तरी प्रमाणपत्र अडत नाही, आणि मुदतीच्या आत केव्हा द्यायचे हे तिला ठरवता येते.