यमुनापर्यटन: पाच महिने वापरून, पानं सुटल्यावर

बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’ या जुन्या कादंबरीच्या माझ्या प्रतीची पाठ गेल्या महिन्यात उकलली. ४२० रुपयांची प्रत, एकदाच वाचलेली, आणि पहिली तीसेक पानं सरळ हातात आली. विक्रेत्याला फोटो पाठवले तर म्हणे, बदलून घ्यायची मुदत सात दिवसांचीच. सात दिवसांत कुणाचं पुस्तक फाटतं का?

पण माझा खरा राग आतल्या समासावर आहे. जुनी प्रत स्कॅन करून तशीच छापली आहे आणि समास बोटभरही सोडलेला नाही. डाव्या पानावर ओळीचा शेवट पाठीत गडप, उजव्या पानावर सुरुवात. ‘विधवे’ एवढंच दिसायचं. पुढे ‘स’ आहे की ‘नें’, ते आपण ठरवायचं. आधीच भाषा १८५७ ची, त्यात हा छळ. पहिलं वाचन मी असं अडखळतच संपवलं.

तेव्हाचं माझं मत: हा धर्मप्रचार आहे. बाबा पदमनजी बेळगावचे, १८५४ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि तीन वर्षांत हे पुस्तक आलं. यामागची प्रेरणा वेगळी काय असणार, असं म्हणून मी ते कपाटात टाकलं होतं.

मग पानं सुटली आणि पहिल्यांदाच ओळी पूर्ण दिसल्या. सुटी पानं ओट्याशी उभी राहून, एकेक करून वाचली. पुस्तकाचं पूर्ण नावच ‘यमुनापर्यटन अथवा हिंदुस्थानांतील विधवांच्या स्थितीचें निरूपण’ असं आहे. यमुना आणि तिचा नवरा विनायक प्रवासाला निघतात आणि वाटेत एकेका विधवेचं दुःख समोर येतं. पुढे विनायकच मरण पावतो, आणि आजवर जे पाहिलं ते यमुनेच्याच वाट्याला येतं. विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा. तो झाला म्हणून विधवांच्या केशवपनाचे घराघरांतले वस्तरे थांबले नव्हते. माझ्या आजीची आत्या लाल आलवणात, म्हणजे केशवपन केलेल्या विधवेच्या लुगड्यात असायची. न्हावी मागच्या दारानं यायचा, असं आजी सांगायची. ते दार मला या पानांत दिसलं.

माझं मत तिथे बदललं. धर्मचर्चा लांबते, कथा थांबते, हे आजही म्हणेन. पण शेवटी यमुना ख्रिस्ती होऊन पुन्हा लग्न करते, ते आता मला वरून चिकटवलेलं वाटत नाही. या बायकांना माणसासारखं जगता यावं ही पदमनजींची तळमळ आणि त्यांची श्रद्धा एकाच जागेतून आली आहे. ‘पण लक्षात कोण घेतो?’ या कादंबरीतली हरिभाऊ आपट्यांची विधवा यमू यायला अजून तीसेक वर्षं होती.

बाइंडरनं सांगितलं, ‘कडेनं शिवण घातली तर अजून अक्षरं जातील.’ मग त्यानं पानांची चळत वाकवून पाठीला पातळ सरस लावला, वर कापडाची पट्टी बसवली. १५० रुपये घेतले. आता पुस्तक सपाट उघडतं आणि ‘विधवेस’ पूर्ण वाचता येतं.

कादंबरी जरूर घ्या. फक्त पैसे भरायच्या आधी मधलं एखादं पान उघडून त्याचा फोटो मागवा.